मुहूर्त नसलेले दिवस

आमच्या भागात घोड्यावर बसायचा हक्क माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. तोही फक्त पुरुषाला, आणि तोही मे महिन्यात कोट घालून. घामानं निथळणारा नवरदेव, पुढ्यात बसवलेलं बहिणीचं पोरगं, समोर बँड, आणि हातात लगाम म्हणून दिलेली एक जरीची दोरी, जिचा घोडीशी काही संबंध नसतो. खरा लगाम मालकाच्या मुठीत. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं, नारळ फोडायचा, मांडवाशी यायचं, उतरायचं. उतरला की घोड्याचा विषय जन्मापुरता संपला. माझाही तसाच संपला होता. मी ज्या घोडीवर बसलो तिचा रंगसुद्धा मला आज सांगता येणार नाही.

माझी बायको अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडची बरीच गावं तिच्या बीटमध्ये येतात. तिची स्कूटी वळणावर दिसली की सेविका आधी वजनकाटा पुढं ओढतात, मग रजिस्टर. पंचेचाळिशी ओलांडलेल्या या बाईनं एका रात्री जेवता जेवता सांगितलं, “मी घोड्यावर बसायला शिकणार आहे. चाचांशी बोलणं झालंय.” चाचा म्हणजे लग्नाला घोडी देणारे. विचारलं नाही, सांगितलं. मी आणखी थोडं वरण वाढून घेतलं.

गावात कारणाशिवाय काही करता येत नाही. सकाळी फिरायला निघालात तर शुगर निघाली असणार, आणि उपास धरलात तर नवस असणार. त्यामुळं पुढचे काही दिवस लोक माझ्याकडं कारण मागत होते. “काऊन हो, म्याडमले डॉक्टरनं सांगतलं काय?” एकाला कंबरेचा उपाय वाटला. एकाला झेडपीच्या निवडणुकीचा वास आला. तिच्याकडं एकच उत्तर होतं, “बसावंसं वाटलं.” हे उत्तर कोणालाच पुरत नव्हतं. खरं म्हणजे मलाही. मग मला भाच्याचं लग्न आठवलं. नवरदेव उतरला, बायकांचा घोळका ओवाळायला त्याच्याकडं वळला, घोडी बाजूला एकटी उभी राहिली आणि ही तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलत होती. तेच कारण असावं असं मी धरून चाललोय. तिनं अजून कबूल केलेलं नाही.

घोड्यावर कोण बसतं याला आपल्या देशात फार वजन आहे. दलित नवरदेव घोडीवर बसला म्हणून पोलीस बंदोबस्त लावावा लागल्याच्या बातम्या राजस्थान-गुजरातेतून अजूनही येतात. त्यापुढं आमच्या गावचं हसणं म्हणजे काहीच नाही. पण हसणं होतंच. ‘झाशीची राणी’ ही पदवी तिला लगेच मिळाली, आणि देणाऱ्या प्रत्येकाला ती आपणच शोधून काढली असं वाटत होतं. कपड्यांवरून चर्चा झाली ती वेगळीच. बाईमाणूस दोन्हीकडं पाय टाकून बसणार कशी, वगैरे. ती चर्चा माझ्या आईनं संपवली. आई अजून नऊवारी लुगडं नेसते. ओट्यावर तुरीची डाळ निवडता निवडता म्हणाली, “कासोट्यात बसता येते बाप्पा घोड्यावर. तुमच्या या गोल साडीतच येत नाई.”

चाचांच्या घोडीचं नाव बिजली. नावाचा आणि चालीचा काडीचा संबंध नाही. पंचक्रोशीतले कितीतरी नवरदेव तिनं वाहिलेत. दिसायला पांढरी, पण नाकपुड्यांजवळ पाहिलं तर कातडी काळी. अशी घोडी जन्मते काळी किंवा तांबूस आणि वयाबरोबर तिचे केस पांढरे होत जातात. गुलाबी कातडीची, जन्मापासून पांढरी असते ती नुकरा. तिची किंमत वेगळी आणि लग्नातला भावही वेगळा. “आपली बिजली वयानं पांढरी झाली, भाऊ,” चाचा म्हणाले आणि माझ्या डोक्याकडं पाहत राहिले.

शिकवणीची वेळ चातुर्मासानं ठरवली. आषाढी एकादशीला देव झोपतात, ते कार्तिकीला उठतात. मग तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. मधले चार महिने लग्नाच्या घोडीला काम नाही आणि खाणं मात्र रोजचं. एके काळी आमच्याकडं ज्वारी होती तेव्हा कडबा घरचा असायचा. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, आता कडबा विकत घ्यावा लागतो. चाचांना चार महिने खर्चाला हातभार हवा होता आणि बायकोला घोडी हवी होती. सौदा जुळला. जागा ठरली ती गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंगचं आवार. पावसाळ्यात आमच्या काळ्या वावरात माणसाचं पाऊल रुततं तिथं घोडीचं काय होणार. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांसाठी टाकलेला मुरूम अजून शाबूत आहे.

मला वाटलं होतं, गेली की बसेल. सुरुवातीला चाचांनी तिला बसूच दिलं नाही. आधी खरारा. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, केसांच्या दिशेनं, पोटाखालून हलक्या हातानं. मग खूर. घोडीच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, हात पायावरून खाली सरकवत न्यायचा आणि घोटा दाबायचा, की घोडी आपणच पाय उचलून देते. खुराच्या तळाला मध्ये एक लवचीक त्रिकोण असतो. त्याच्या दोन्ही अंगांच्या खाचांत चिखल आणि खडे अडकतात, ते लोखंडी आकड्यानं टाचेकडून पुढं काढत यायचं. त्या त्रिकोणावर आकडा लावायचा नाही. हिनं पहिल्यांदा खूर हातात धरला तेव्हा मी भिंतीपाशी उभा होतो. तिच्या पांढऱ्या सलवारीवर लीद लागली होती आणि कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता. वजनकाट्यावर पाच ग्रॅमचा फरक पकडणारी ही बाई एक खडा पंधरा मिनिटं काढत बसली.

खोगीर कानपूरहून मागवलं. देशातलं खोगिराचं मोठं काम तिकडंच चालतं, आणि चाचांचं आरशा-गोंड्यांचं खोगीर नवरदेवासाठी ठीक, पण त्यावर मांड बसत नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बिजली पोट फुगवते. अगदी निर्विकार चेहऱ्यानं. तुम्ही तंग आवळून खूश होता, चार पावलं चालली की ती श्वास सोडते आणि खोगीर सैल. म्हणून थोडं चालवून तंग पुन्हा आवळायचा. बुटाला टाच हवीच, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलात तर घोडं फरफटत नेतं. ही पहिल्या दिवशी सँडलवर गेली होती. चाचांनी परत पाठवली. कोणी तिला परत पाठवतंय हे दृश्य मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. ती काही न बोलता परत आली आणि त्याच दिवशी बूट घेतले.

मी बैलाचा माणूस. वडिलांच्या दावणीला गवळाऊ जोडी असायची. २०१४ च्या बंदीत सुने पडलेले शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, पुन्हा भरायला लागले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानंही त्यांना मोकळीक दिली, तेव्हा गावात जल्लोष करणाऱ्यांत मीही होतो. त्यामुळं जनावराबद्दल मला दोन गोष्टी कळतात असा माझा समज आहे. पण बैल हाकायचा तो मागून. मागून आवाज द्यायचा, शेपटीला हात लावायचा, कासरा सैल-घट्ट करायचा. घोड्याच्या बरोबर मागं उभं राहिलं की तुम्ही त्याच्या लेखी नाहीसेच होता. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ सगळा गोल त्याला दिसतो. दिसत नाही ते फक्त शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं. आणि जे दिसत नाही त्याला ते लाथ मारतं. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात ते उगाच नाही. मी भिंतीपासून “कासरा ढिला सोड” असं ओरडलो, तर चाचा हसून म्हणाले, “भाऊ, हा बैल नोहे. तुमी चहा सांगा.”

तेव्हापासून चहा सांगणं हे माझं अधिकृत काम.

लगामाबद्दल चाचांनी तिला जे सांगितलं ते मात्र मी भिंतीवरून ऐकलं आणि विसरलो नाही. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये रिकामी हिरडी असते. लगामाची कडी तिथं बसते. उघड्या हिरडीवर थेट लोखंड. “दाताच्या डॉक्टरले आठवा म्याडम, अन् मंग ओढा.” एवढं सांगूनही ती ओढायचीच. तोल गेला की माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो, आणि तिच्या हातात घोडीचं तोंड होतं. मग चाचांनी लगामच काढून घेतला. घोडीला लांब दोरीवर गोल फिरवायला लागले. वर ही, दोन्ही हात आडवे पसरलेले, धरायला काही नाही. लगाम नाही म्हणजे मांडीनं, पोटानं, श्वासानं बसायचं. घोड्याला अंगावर बसलेली माशी कळते, तिथली तेवढीच कातडी ते थरथरवतं. मग वरच्या माणसानं श्वास कोंडून धरलाय हे त्याला कळणार नाही असं होत नाही. ही श्वास कोंडायची आणि बिजली थांबायची. “घ्या म्याडम, श्वास घ्या,” असं चाचा इतक्या शांतपणे म्हणायचे, की भिंतीपाशी मीच घ्यायचो.

चालीत सगळं बरं होतं. गोंधळ दुडकीत सुरू झाला. चालीला घोड्याचे चार पाय चार वेळा पडतात. दुडकीत कोपऱ्याकोपऱ्यातले दोन-दोन एकदम, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट. दोनच ठेके, आणि प्रत्येक ठेक्याला तुम्ही वर उडता. पांदणीतून जाणाऱ्या बंडीत रिकामं पिंप आदळावं तशी ती खोगिरावर आदळत होती. त्यावर उपाय म्हणजे एका ठेक्याला उठायचं, एकाला बसायचं, आणि गोलात फिरताना बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढं जाईल तेव्हा उठायचं. सांगायला सोपं. खाली पाहिलं तर तोल जातो, नाही पाहिलं तर कुठला पाय ते कळत नाही. रात्री ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून “उठ, बैस, उठ, बैस” असं पुटपुटत पोळ्या लाटायची. मांड्यांच्या आतून कातडी सोलवटली होती. कैलासजीवनचा वास घरात इतका भरला की आई म्हणाली, घोडी कोठ्यातच आणून बांधा, निदान वास तरी बदलेल.

इथं मला जे सांगायचंय ते जरा अवघड आहे. आमचं लग्न होऊन ही या गावात आली तेव्हा तिला स्कूटी मी शिकवली. मागचं कॅरिअर धरून मी धावलो होतो. धुऱ्यावरून चालायचं कसं, साप दिसला तर काय करायचं, बँकेतल्या साहेबाशी काय बोलायचं, हेही मीच सांगितलं. पुढं ती माझ्याहून पुढं गेली हा भाग वेगळा, पण सुरुवातीला मी होतो. घोडीच्या बाबतीत सुरुवातीलाही मी नाही. तिला कुठं दुखतंय हे मला तिच्या चालण्यावरून कळतं, पण का दुखतंय हे चाचांना कळतं. घरी आल्यावर ती फोनवर त्यांच्याशी बिजलीच्या डाव्या बाजूबद्दल बोलते. ती म्हणे वळताना डावीकडं खांदा टाकते. मी ऐकतो. पेपर वाचतो. आपल्या माणसाला एखादी गोष्ट अजिबात येत नाहीये आणि ती आपल्यालाही येत नाही, म्हणून नुसतं पाहायचं. हे इतक्या वर्षांत कधी करावं लागलं नव्हतं. मला ते आवडलं असं मी म्हणणार नाही. पण रोज सकाळी जात मात्र होतो.

आमच्या भागाला घोडे काही नवे नव्हते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली इथून पार बंगालपर्यंत घोड्यांवर गेल्या आणि दहशत बसवून आल्या. तिकडच्या आया पोरांना अजून बर्गीची, म्हणजे या मराठी स्वारांची, भीती घालतात. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोल्याकडच्या अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर इंग्रजांच्या वेलस्लीनं तो खेळ मोडला. त्यानंतर घोडं टांग्याला लागलं, टांगे गेल्यावर नवरदेवाला. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे होते, २०१९ मध्ये सुमारे ३.४ लाख उरले. स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हे मी तिला मोठ्या हौसेनं सांगितलं. “मग मी बारगीर,” ती म्हणाली. “घोडी चाचांची, दुखणं माझं.”

पोळा झाला. त्या दिवशी सुट्टी, कारण चाचांचं म्हणणं, आज गावाचं लक्ष बैलांकडं आहे, घोडीला उगाच वाईट वाटेल. त्यानंतर केव्हातरी ती पडली.

बिजलीला बँडवर नाचायला शिकवलेलं आहे. ठेका ऐकला की ती पुढचे पाय आळीपाळीनं उंच उचलते, मान कमानीत घेते, आणि वरातीत त्याचे पैसे मिळतात. आमच्या ग्रामपंचायतीला घंटागाडी मिळालीय. तिच्यावर कचऱ्याचं गाणं पूर्ण आवाजात लावलेलं असतं. त्या दिवशी गाडीचा रस्ता बदलला आणि ती जिनिंगच्या फाटकावरून गेली. बिजलीनं कान टवकारले, मान कमानीत घेतली आणि कर्तव्य सुरू केलं. ही दुडकीत होती. पहिल्या उड्या तिनं झेलल्या, दुसऱ्या वेळी खांद्यावरून घसरली आणि मुरमाच्या कडेला साचलेल्या काळ्या चिखलात सपशेल आडवी. मी भिंत ओलांडून निघालो, तर चाचांनी माझ्याकडं न पाहता हात आडवा केला. घोडी दोरीवर होती, ती थांबली होती, नाचायची मात्र थांबली नव्हती. हिनं आधी हेल्मेट चाचपलं, मग दात, मग गुडघे. उठली. चिखलानं भरलेला हात घोडीच्या नाकापुढं धरला, घोडीनं हुंगला. “परत बसते,” म्हणाली. चाचांनी तंग तपासला आणि हात आडवा होता तो खाली घेतला. तोवर माझा जायचा उपयोग संपला होता.

घरी येताना स्कूटी मी चालवली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी घंटागाडीवाल्याला भेटलो. गाणं बंद करता येत नाही म्हणाला, गाणं नसलं तर बाया कचरा आणत नाहीत आणि तक्रार होते. शेवटी जिनिंगची गल्ली दहानंतर घ्यायची असं ठरलं. त्यासाठी त्याला एक चहा आणि दोन पुड्या लागल्या. चाचांनी मात्र वेगळा विचार केला. आता तीच गाणी मोबाइलवर हळू आवाजात लावून ते घोडीला नुसती उभी करतात आणि नाचली नाही की मूठभर भिजवलेले हरभरे देतात. फार नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं. लग्नात लोक हौसेनं बुंदी आणि पोळ्या चारतात, आणि पोटशूळ उठला की चाचा रात्रभर घोडीला फिरवत असतात. “देणाऱ्याचं पुण्य होते, जागाचं मले लागते.” आता बायको लग्नाला गेली की जेवायच्या आधी घोडीपाशी उभी राहते आणि बुंदीवाल्यांना अंगणवाडीच्या आवाजात हाकलते.

तुळशीचं लग्न लागलं आणि सीझन उघडला. बिजलीच्या तारखा चाचांच्या वहीत भरत चालल्यात. सगळं गाव कालनिर्णयमध्ये लग्नाचे मुहूर्त शोधतं, आमच्या घरी मुहूर्त नसलेले दिवस शोधतात. बायकोनं ते हिरव्या शाईनं गोल केलेत. धनुर्मास लागला की संक्रांतीपर्यंत सलग मोकळा पट्टा आहे. त्यात चौखूर शिकवीन असं चाचांनी कबूल केलंय, घोडीचा खांदा बरा राहिला तर.

त्याआधी दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. तापीकाठी, एकमुखी दत्ताजवळ, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी आणि काठेवाडी घोडे कमानदार कान एकमेकांना लावून उभे असतात. चाचा दरवर्षी जातात. यंदा तिलाही जायचंय. “घ्यायची नाही काही,” ती म्हणाली, “नुसती पाहायची.” बाजारात नुसतं पाहायला गेलेला माणूस मी पाहिलेला आहे. माझे वडील आर्वीच्या बाजूला असेच नुसते बैल पाहायला गेले होते आणि तिसऱ्या दिवशी जोडीच्या पुढं पुढं चालत घरी आले; आई त्यांच्याशी पोळ्यापर्यंत बोलली नव्हती. मी कडब्याचा भाव काढला, कोठ्याच्या पत्र्यांचा अंदाज घेतला, कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं तो नीट वाचला, एका बेरजेत चूक काढली.

काल तिनं बडनेऱ्याहून दोंडाईच्यापर्यंत दोघांची तिकिटं काढली. यायची काढली नाहीत. यायचं कसं ते तिकडं गेल्यावर ठरवू, म्हणाली.